भूतकाळ बदलता येतो का? : ‘ट्वेल्व्ह मंकीज’ या चित्रपटाच्या निमित्ताने



या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागातील बोलीवर अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. मी त्या अर्थाने कशाचाच अधिकारी नाही. बी.एच.एम.एस. होऊन बेळगावात दवाखाना टाकला, त्याला आता जवळजवळ चाळीस वर्षे होतील. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी फोनवर दोनदा विचारले, "डॉक्टर, सिनेमावर? आणि तोही इंग्रजी?" मी म्हणालो, "सिनेमा इंग्रजी आहे, प्रश्न आपल्या घरातला आहे." तो प्रश्न शेवटी सांगेन. आधी सिनेमा समजून घेऊ.

२०२०च्या टाळेबंदीत माझा पुतण्या बंगळूरहून घरी आला आणि काही महिने इथूनच काम करत राहिला. आमच्या घरी जेवण सूर्यास्ताच्या आत उरकते, त्यामुळे रात्र मोठी असते. अशाच एका रात्री त्याने मला ‘ट्वेल्व्ह मंकीज’ हा चित्रपट लावून दिला. "काका, विषाणूचा आहे, म्हणजे तुमच्याच कामाचा. पण पहिल्यांदा बघून कळणार नाही," असे त्याने आधीच बजावले. खरेच कळले नाही. दुसऱ्या रात्री मी केसपेपरचा कोरा कागद घेऊन बसलो आणि पेशंटची हकीकत लिहावी तशी त्या नायकाची हकीकत लिहून काढली. आज सांगणार आहे ते त्या कागदावरून. चित्रपटाचा शेवट सांगावाच लागेल, त्याला इलाज नाही.

गोष्ट काय आहे

टेरी गिल्यम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९५ सालचा. त्याचे बीज आहे क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘ला जते’ या १९६२च्या लघुपटात. तो लघुपट अवघा २८ मिनिटांचा आणि जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. विमानतळावर एका माणसाचा मृत्यू पाहिलेला लहान मुलगा, ही मूळ कल्पना तिथली.

‘ट्वेल्व्ह मंकीज’मध्ये एका विषाणूने १९९६-९७ साली पाच अब्ज, म्हणजे ५०० कोटी माणसे मारली आहेत. उरलेली जमिनीखाली राहतात आणि वर प्राणी मोकळे फिरतात. काही दशकांनंतर या भुयारी जगातले शास्त्रज्ञ जेम्स कोल नावाच्या कैद्याला भूतकाळात पाठवतात. ही भूमिका ब्रूस विलिसने केली आहे. ‘बारा माकडांची सेना’ नावाच्या टोळीने विषाणू सोडला असा शास्त्रज्ञांचा संशय आहे आणि कोलने तिचा माग काढायचा आहे. पाठवायचे असते १९९६मध्ये, पण यंत्र चुकते आणि तो पोहोचतो १९९०मध्ये, बाल्टिमोरला. तिथे त्याची रवानगी होते वेड्यांच्या इस्पितळात. डॉ. कॅथरीन रायली ही मानसोपचारतज्ज्ञ त्याला तपासते. त्याच वॉर्डात जेफ्री गोइन्स नावाचा बडबड्या तरुण असतो. तो ब्रॅड पिटने रंगवला आहे. त्याचे वडील नामांकित विषाणुशास्त्रज्ञ आहेत आणि पुढे बारा माकडांच्या सेनेचा म्होरक्या तोच होतो.

शेवटी कळते की ही सेना म्हणजे पोरखेळ होता. त्यांनी प्राणिसंग्रहालयातले प्राणी मोकळे सोडले, एवढेच. विषाणू घेऊन निघालेला खरा माणूस म्हणजे गोइन्सच्या वडिलांच्या प्रयोगशाळेतला सहायक, डॉ. पीटर्स. फिलाडेल्फियाच्या विमानतळावर कोल त्याला अडवायला पिस्तूल घेऊन धावतो आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. तिथेच आईवडिलांसोबत आलेला एक लहान मुलगा हे पाहत उभा असतो. तो मुलगा म्हणजे लहानपणचा कोल. आयुष्यभर जे स्वप्न त्याला पडत आले, ते त्याच्या स्वतःच्याच मरणाचे होते.

दोन घड्याळे

पहिल्यांदा बघताना गोंधळ का होतो? कारण आपण एकच घड्याळ धरून बसतो. आमच्या केसपेपरवर दोन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असतात, तारीख आणि पेशंटचे वय. एरवी दोन्ही एकाच चालीने पुढे जातात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. कालप्रवाशाच्या बाबतीत त्यांची फारकत होते.

तारखेच्या क्रमाने लिहिले तर असे दिसते. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात एक अनोळखी माणूस क्षणभर दिसतो आणि त्याच्या पायाला गोळी लागते. १९९०मध्ये बाल्टिमोरच्या इस्पितळात एक ‘वेडा’ येतो आणि बंद खोलीतून नाहीसा होतो. १९९६मध्ये तोच माणूस डॉ. रायलीला पळवून नेतो, पुन्हा नाहीसा होतो, पुन्हा येतो आणि विमानतळावर मरतो. मग साथ येते. मग भुयारातले जग.

आता कोलच्या वयाच्या क्रमाने लिहा. विमानतळावर एका माणसाला मरताना पाहिले. साथीतून वाचलो, भुयारात वाढलो, कैदी झालो. मग १९९०. मग परत भुयार. मग यंत्राच्या चुकीने महायुद्धाचा खंदक आणि तिथून थेट १९९६. परत भुयार. शेवटी पुन्हा १९९६ आणि तोच विमानतळ.

या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की सगळा गुंता सुटतो. घटना त्याच आहेत, फक्त क्रम वेगळा आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणतीही घटना दोनदा, दोन वेगळ्या रीतींनी घडत नाही. विमानतळावरचा प्रसंग आपण अनेकदा पाहतो, पण तो घडतो एकदाच.

‘जर’चे तीन प्रकार

कालप्रवासाच्या कथा बहुतेक तीन प्रकारच्या असतात, आणि कुठली कथा कुठल्या प्रकारची हे न ओळखल्यामुळे निम्मे वाद होतात.

पहिला प्रकार, भूतकाळ पुसून पुन्हा लिहिता येतो. १९८५च्या ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये नायक १९५५ सालात जातो, आईवडिलांच्या पहिल्या भेटीत त्याचा अडथळा होतो आणि त्याच्या खिशातल्या फोटोतून भावंडे एकेक करून पुसली जाऊ लागतात. मजा येते, पण तर्क लंगडा पडतो. नातवाने मागे जाऊन आजोबांनाच मारले तर नातू जन्मेल कसा? आणि तो जन्मला नाही तर आजोबांना मारले कोणी? या कोड्याला पहिल्या प्रकारात उत्तर नाही.

दुसरा प्रकार फाट्यांचा. प्रत्येक ‘जर’ला जगाला नवा फाटा फुटतो. आपल्याला याचे उत्तम उदाहरण शोधायला अमेरिकेला जायला नको. डॉ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी हुकली आणि मराठे जिंकले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथल्या आपल्या जुन्या घराण्यांना हा ‘जर’ किती जवळचा आहे, ते मी सांगायला नको. पण नारळीकर शास्त्रज्ञ होते. त्यांच्या कथेत आपले पानिपत बदलत नाही. आपल्या जगात १७६१चा पराभव पराभवच राहतो, विजय झालेला असतो तो दुसऱ्या जगात.

तिसऱ्या प्रकारात जग एकच आणि घडलेले कायम. कालप्रवासी मागे जाऊ शकतो, तिथे काही करूही शकतो, पण तो जे करतो ते आधीपासूनच त्या भूतकाळाचा भाग असते. कुर्ट गोडेल या गणितज्ञाने १९४९मध्ये दाखवले की आइन्स्टाइनच्या समीकरणांतून निघणाऱ्या एका विशिष्ट विश्वात काळाची वाट वळून स्वतःलाच येऊन मिळू शकते. पुढे इगोर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने तत्त्व मांडले की अशी वाट असलीच, तर तिच्यावर आपसात विसंगत घटना घडणारच नाहीत. आजोबांवर झाडलेली गोळी कुठेतरी चुकेलच.

‘ट्वेल्व्ह मंकीज’ या तिसऱ्या प्रकारचा आहे. ‘कोलने साथ थांबवली का नाही?’ हा प्रश्नच मुळात दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचा आहे.

दोन फोन

चित्रपटाने हा नियम किती काटेकोर पाळला आहे, ते दोन फोनवरून कळते.

शास्त्रज्ञांनी कोलला एक फोन नंबर पाठ करायला लावलेला असतो. १९९६मध्ये त्या नंबरवर निरोप ठेवायचा आणि भविष्यातले लोक जुन्या ध्वनिफितीवरून तो ऐकणार, अशी योजना. १९९०च्या इस्पितळातून कोल तो नंबर फिरवतो तेव्हा पोरेबाळे असलेली एक साधी गृहिणी फोन उचलते. नंबर बरोबर, साल चुकीचे! १९९६मध्ये रायली तोच नंबर फिरवते. तो गालिचे साफ करणाऱ्या कंपनीचा निघतो. ती सुटकेच्या आनंदात तिथे एक थट्टेचा निरोप ठेवून येते आणि कोलला सांगू लागते, तर कोलच तिचे वाक्य पुढे पुरे करतो. कारण तो निरोप त्याने भुयारात, शास्त्रज्ञांच्या तोंडून आणि फितीवरून, आधीच ऐकलेला असतो. त्या क्षणी दोघांचेही चेहरे उतरतात. कोल वेडा नाही, म्हणजे ५०० कोटी माणसे मरणार आहेत.

दुसरा फोन विमानतळावरचा. कोल निरोप ठेवतो की बारा माकडांच्या मागे लागू नका, ती वाट चुकीची आहे आणि मी परत येणार नाही. काही मिनिटांत भविष्यातून त्याचा एक साथीदार येऊन उभा राहतो आणि म्हणतो, तुझा निरोप आत्ताच मिळाला. हे कसे? कोलच्या बाजूने काही मिनिटे गेली. भुयारातल्या लोकांना मात्र काही दशकांनंतर ती खराब फीत सांधून निरोप उलगडायला हवा तेवढा वेळ होता. उलगडल्यावर त्यांनी माणूस पाठवला तो नेमक्या त्या मिनिटाला. दोन घड्याळे मनात ठेवली की यात चमत्कार काही उरत नाही.

डॉक्टरांची चूक आणि दुरुस्ती

डॉक्टर म्हणून मला रायलीचे पात्र सर्वांत आवडले. मनोरुग्ण तपासताना आम्हाला शिकवतात की आधी विचारा, आज कोणते साल, हे गाव कोणते. कोल या पहिल्याच परीक्षेत नापास होतो. तिने निदान केले ते पुस्तकाप्रमाणे बरोबरच. पण पुढे त्याच्या पायातून तिने काढलेली गोळी १९२०च्या आधी झाडलेली आहे असे तपासात निघते आणि महायुद्धाच्या एका जुन्या छायाचित्रात तिला कोलचा चेहरा सापडतो. तेव्हा ती स्वतःचे निदान बदलते. नेमक्या त्याच वेळी कोलला मात्र आपण वेडेच आहोत असे पटू लागलेले असते! हकीकत सांगणाऱ्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो तेव्हा ऐकणारीला ती पटते. दवाखान्यात हे मी अनेकदा पाहिले आहे.

मग कोल गेला कशाला?

आता मुख्य मुद्दा. शास्त्रज्ञ कोलला साथ थांबवायला पाठवतच नाहीत. झालेले बदलत नाही, हे ते जाणून आहेत. त्यांना हवा आहे विषाणूचा मूळ, शुद्ध नमुना. विषाणू पसरताना रूप बदलतो. त्यांच्या काळातला विषाणू बदललेला आहे आणि मूळ रूप हाती आले तर त्यावर औषध शोधून माणसांना पुन्हा जमिनीवर आणता येईल. म्हणजे प्रवास भूतकाळात, पण इलाज वर्तमानाचा.

शेवटच्या प्रसंगात विमानात पीटर्सच्या शेजारच्या आसनावर एक स्त्री बसलेली दिसते. ती आपल्याला ओळखीची आहे. भुयारातल्या शास्त्रज्ञांपैकीच ती एक. आपण विम्याच्या धंद्यात आहोत, असे ती सांगते. काहींचे म्हणणे, ही तीच स्त्री तिच्या तरुणपणची. मला ते पटत नाही, कारण तिचे वय भुयारात दिसते तेवढेच आहे. ती कोलच्या निरोपामुळे नमुना घ्यायला आलेली आहे. म्हणजे कोलचे काम यशस्वी झाले. फक्त ते त्याला कळले नाही.

चित्रपट संपल्यावर पुतण्याने विचारले होते, "काका, सगळं आधीच ठरलेलं असेल तर तो धावतो कशाला?"

हा प्रश्न आमच्या घरात नवा नाही. लहानपणी चातुर्मासात प्रवचनाला जायचो, तिथे कोणीतरी हमखास विचारायचा, केवलज्ञान्याला तिन्ही काळ दिसतात, मग आपण पुरुषार्थ कशाला करायचा? उत्तरात पाच समवाय सांगितले जात : काल, स्वभाव, नियती, पूर्वकृत कर्म आणि पुरुषार्थ. कार्य घडते ते पाचांच्या मेळाने, आणि एकाचाच हट्ट धरणे हा एकांत. त्या वयात हे पाठांतर वाटे. आता त्यातला तर्क दिसतो. पंचांगात ग्रहण छापलेले असते, पण पंचांगामुळे ग्रहण लागत नाही. जाणणे वेगळे, घडवणे वेगळे. कोल धावला म्हणून त्या मुलाने ते पाहिले. कोलने फोन केला म्हणून ती स्त्री विमानात आली. जे घडले त्यात कोलच्या धावण्याचा आणि बोलण्याचा वाटा आहेच. भूतकाळ बदलता येत नाही याचा अर्थ त्यात कोणी काही केलेच नाही असा होत नाही, आणि आपण आज जे करतो ते फुकट जाते असाही होत नाही.

घरातला प्रश्न

श्रोतेहो, सुरुवातीला म्हटले होते की प्रश्न आपल्या घरातला आहे. तो आता सांगतो.

पुतण्या माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा. १९९८च्या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमारास अण्णांनी मला हाक मारली. छातीत जळजळते म्हणाले. "पित्त झालंय रे, दे काहीतरी." त्यांचे वय ४६, माझे ३७. त्यांना पित्ताचा त्रास जुनाच होता. मी पुड्या बांधून दिल्या आणि झोपायला सांगितले. पहाटे साडेतीनला वहिनींनी उठवले. रिक्षा येईपर्यंत सगळे संपले होते. वीज गेली होती. आठ वर्षांचा पोरगा हातात बॅटरी घेऊन दारात उभा होता.

दवाखान्यात मला कितीतरी नातेवाइकांनी विचारले आहे, "डॉक्टर, काल आणलं असतं तर?" मी त्यांना समजावत आलो. स्वतःला मात्र वीस-बावीस वर्षे ‘बॅक टू द फ्यूचर’च दाखवत राहिलो. अकरा वाजता गाडी काढली असती तर... तो सिनेमा दर वेळी एकाच ठिकाणी तुटायचा.

‘ट्वेल्व्ह मंकीज’ दुसऱ्यांदा पाहून झाला त्या रात्री पुतण्याने इतक्या वर्षांत प्रथमच विचारले, "काका, तुम्हाला त्या रात्रीत परत जायला मिळालं तर?"

मी बराच वेळ बोललो नाही. मग म्हणालो, "जाईन. तुझे वडील वाचणार नाहीत हे ठाऊक असलं तरी जाईन. तीन प्रश्न विचारायचे राहिलेत. जळजळ हाताकडं, जबड्याकडं जाते का? घाम आलाय का? जिना चढताना असं आधी कधी झालं होतं का?"

हे तीन प्रश्न मला येत होते. पण समोर भाऊ होता, तो स्वतःच निदान सांगत होता आणि मी ते मान्य केले. त्या रात्रीनंतर मी माझ्यापुरता नियम घालून घेतला. चाळिशीच्या पुढचा माणूस छातीत जळजळ म्हणून आला की हे तीन प्रश्न आधी. संशय आला तर माझे औषध नाही, आधी गाडी आणि हृदयाचा आलेख. कोणी रागावते, कोणी म्हणते डॉक्टर घाबरट झाले. काही आलेख साधे निघतात. काही निघत नाहीत, आणि त्यातली बरीच माणसे आज गावात हिंडतात-फिरतात.

चित्रपटात लपून बसलेला कोल एका थिएटरात जुना सिनेमा पाहताना म्हणतो त्याचा आशय असा, की सिनेमा बदलत नाही, पण पाहणारा बदललेला असतो म्हणून तो दर वेळी निराळा वाटतो. १९९८ची ती रात्र बदलणार नाही. मी तिच्याकडे परत परत जातो, पण आता अण्णांना वाचवायला जात नाही. त्या रात्रीत माझी चूक मूळ रूपात, जशीच्या तशी आहे. तेवढा नमुना घेऊन परत येतो.

पुतण्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे ते तीन प्रश्न तुम्ही रोज विचारताच की." आणि उठून त्याने दिवा मालवला.